बॉस्टनचा बर्फ कलकत्त्याला: ‘टस्कनी’ जहाजाच्या १८३३ च्या फेरीचा हिशेब

१२ मे १८३३ ला अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचं शिडाचं जहाज कलकत्त्याला निघालं तेव्हा त्याच्या पोटात १८० टन बर्फ होता. बर्फ म्हणजे साधा, तळ्यातला, थंडीत गोठलेला आणि कापून काढलेला. अंतर सोळा हजार मैलांच्या आसपास, वेळ चार महिने, विषुववृत्त एकदा नाही दोनदा ओलांडायचं, आणि फ्रीज नावाची वस्तू तेव्हा कोणाच्या घरात नव्हती. सप्टेंबरमध्ये जहाज हुगळीत शिरलं तर कलकत्त्यातल्या बऱ्याच लोकांना वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. थट्टा नव्हती, साधारण १०० टन बर्फ शाबूत होता आणि तो रोख पैशाला विकला गेला.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘एका वेड्या माणसाची जिद्द’ अशा थाटात सांगितली जाते, बिझनेसच्या भाषणांत तर हमखास. मला ती तशी वाटत नाही. जिद्द होती, नाही असं नाही, पण नुसत्या जिद्दीवर बर्फ टिकत नाही. माझं म्हणणं असं की ही फेरी मुळात रिकाम्या जहाजांमुळे शक्य झाली, आणि ती यशस्वी झाली ती समुद्रावर जे घडलं त्यापेक्षा दोन्ही टोकांच्या बंदरांच्या धक्क्यांवर जे घडलं त्यामुळे. म्हणून हे एकच प्रकरण घेऊन जरा सविस्तर बघू.

आधी माणूस. फ्रेडरिक ट्युडर, जन्म १७८३, बॉस्टनच्या खात्यापित्या वकील घराण्यातला, कॉलेजला न जाता धंद्यात पडलेला. १८०६ मध्ये, म्हणजे पुरता तेवीस वर्षांचाही नव्हता तेव्हा, याने कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर बर्फ पाठवायचं ठरवलं. कोणी जहाजवाला माल घ्यायला तयार होईना, कारण त्यांच्या डोक्यात सरळ हिशेब होता की बर्फ वितळला की जहाजाच्या पोटात पाणी, बाकीचा माल भिजणार, आणि ते पाणी इकडून तिकडे हिंदकळायला लागलं की जहाज कलंडायची भीती. शेवटी पठ्ठ्याने ‘फेव्हरिट’ नावाचं जहाजच विकत घेतलं. गावच्या पेपरने बातमी छापताना आधी लिहिलं की हा विनोद नाही हं. बर्फ पोचला, बऱ्यापैकी पोचला, पण तिथे ठेवायला जागा नव्हती आणि घेणाऱ्यांना त्याचं करायचं काय हे माहीत नव्हतं. काही हजार डॉलर बुडाले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. मार्टिनिकला बर्फ वाटेत वितळून धंदा बुडाला नाही, पोचल्यावर वितळून बुडाला. हे ट्युडरच्या डोक्यात पक्कं बसलं आणि पुढची पंचवीस वर्षं तो त्यावरच काम करत राहिला. हवानात दुहेरी भिंतींचं बर्फघर बांधलं, मग चार्ल्सटन, न्यू ऑर्लिन्स. दारूच्या गुत्तेवाल्यांना सुरुवातीला बर्फ फुकट द्यायचा, की थंड पेयाची एकदा सवय लागली की गिऱ्हाईक गरम पेयाला तोंड लावत नाही (ही आयडिया आज मोबाईल डेटावाल्यांनी शोधली असं कोणाला वाटत असेल तर असो). मधल्या काळात कर्जापायी तुरुंगवारीही झाली. आणि १८२५ मध्ये त्याच्याकडे काम करणाऱ्या नॅथॅनियल वायेथने घोड्याने ओढायचा बर्फ कापायचा नांगर काढला, समांतर चर पाडत जाणारा, ज्याने तळ्यावरचा बर्फ सरळ चौकोनी लाद्यांत निघायला लागला. कापणीचा खर्च टनाला ३० सेंटवरून १० सेंटवर आला असं सांगतात, पण खर्चापेक्षा मला मोठी वाटते ती ‘चौकोनी’ ही गोष्ट. का ते पुढे येतं.

आता रिकाम्या जहाजांचं प्रकरण. बॉस्टनचे व्यापारी कलकत्त्याहून नीळ, सोरा, कातडी, रेशीम, सुती कापड असा भरपूर माल आणायचे. पण तिकडे न्यायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतंच. बंगालमध्ये न्यू इंग्लंडचं, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या मुलखाचं, काय खपणार? खारवलेला मासा? त्यामुळे जहाजं चांदीची नाणी घेऊन जायची, आणि चांदीला वजन असलं तरी जागा लागत नाही, मग जहाज पाण्यावर नीट बसावं म्हणून पोटात दगडधोंडे भरायचे, बॅलास्ट. म्हणजे विचार करा, चार महिने दगड वाहून न्यायचे आणि तिकडे टाकून द्यायचे. या दगडांच्या जागी ज्याला थोडं जरी भाडं मिळेल, आणि पोचल्यावर थोडीतरी किंमत येईल, असं काहीही चाललं असतं. बर्फ जड आहे, तळ्यात जवळपास फुकट आहे, आणि वाटेत एक तृतीयांश वितळला तरी दगडापेक्षा तो बरा.

सॅम्युअल ऑस्टिन हा बॉस्टनचा व्यापारी नेमका याच अडचणीत होता, कलकत्त्याच्या मार्गावर त्याचा व्यवहार होता आणि जाताना भरायला माल नव्हता. प्रस्ताव त्याचा आणि विल्यम रॉजर्सचा, बर्फाचं ज्ञान ट्युडरचं. तिघांनी भागीदारी केली. रॉजर्स जहाजासोबत जाऊन कलकत्त्यात विक्री बघणार. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते, कारण एकाकडे बर्फ, एकाकडे जहाजाची जागा आणि तिसरा बाजारात हजर. मार्टिनिकच्या वेळी हे सगळं एकट्या ट्युडरच्या आणि घरच्या माणसांच्या गळ्यात होतं.

शिवाय बर्फ भरायचा कशात, तर तोही कचराच. ‘टस्कनी’त मुख्यतः चामडं कमवून झाल्यावर उरणारा झाडाच्या सालीचा चुरा वापरला, जो टॅनरीवाले फेकून द्यायचे. पुढच्या काळात मेन राज्यातल्या लाकूड गिरण्यांचा भुसा वापरायला लागले, तोपर्यंत तो भुसा नद्यांमध्ये ढकलायचे. म्हणजे तळ्याचा बर्फ, गिरणीचा कचरा आणि जहाजाची रिकामी जागा, तिन्ही गोष्टींना बाजारात जवळपास शून्य किंमत आणि तिघांचं मिळून एक्स्पोर्ट! धंदा म्हणून यात जे डोकं आहे ते इथे आहे, बाकी सगळी अंमलबजावणी.

अंमलबजावणी मात्र अशी की मानलं पाहिजे. जहाजाच्या पोटात तळाला फळ्यांचा मजला, त्यावर फूटभर सालीचा चुरा, कडेने दुहेरी फळ्यांची भिंत आणि मधल्या पोकळीत पुन्हा चुरा. मधली डोलकाठी आणि पाणी उपसायच्या पंपाची विहीर पोटातूनच खाली जाते, त्यांनाही पेटीसारखं बंद करून घेतलं, नाहीतर तिथून उष्णता सरळ आत. मग चौकोनी लाद्या एकीला एक अगदी चिकटवून, फट न ठेवता रचल्या. वर वाळकं गवत दाबून बसवलं, त्यावर परत फळ्या आणि चुरा. एकदा बंद केलं की वाटेत उघडायचं नाही. वितळलेलं पाणी खाली झिरपून पंपाकडे जाईल अशी वाट ठेवायची, कारण साचलेलं पाणी बर्फाला लागून राहिलं की वितळण्याचा वेग वाढतो, आणि जहाजवाल्यांची ती कलंडायची भीतीही त्याच पाण्याची होती.

चौकोनी लाद्यांचं महत्त्व इथे कळतं. पूर्वी वेडेवाकडे तुकडे भरायचे, मध्ये हवा खेळायची, प्रत्येक तुकडा स्वतःच्या सगळ्या बाजूंनी वितळायचा. लाद्या घट्ट बसल्या की सगळा १८० टनाचा ढीग एकच दगड असल्यासारखा वागतो आणि वितळायला फक्त त्याची बाहेरची बाजू मिळते.

मी जरा आकडेमोड करून बघितली, शाळेतल्या फिजिक्सची, अंदाजपंचेच आहे पण मजा येते. एक किलो बर्फ वितळायला साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. वाटेत आणि नदीत मिळून ८० टन गेला असं धरू, म्हणजे आत शिरलेली एकूण उष्णता झाली २७ अब्ज ज्यूलच्या आसपास. आकडा भयंकर वाटतो. पण ती चार महिन्यांत पसरलेली आहे, तेव्हा सेकंदाचा हिशेब काढला तर येतात अडीच किलोवॉट. म्हणजे बाथरूममधला एक गीझर जेवढी उष्णता देतो तेवढीच उष्णता त्या अख्ख्या जहाजाच्या पोटात सतत शिरत होती, सगळ्या बाजूंनी मिळून. वर रणरणतं ऊन, खाली कोमट समुद्र, आणि आत फक्त एका गीझरएवढी गळती.

आणि दुसरा हिशेब तर जास्तच बोलका आहे. १८० टनाचा ठोकळा धरला तर त्याची बाजू येते पावणेसहा-सहा मीटर, बाहेरचं क्षेत्रफळ दोनशे चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे टनामागे एक चौरस मीटरच्या थोडं वर. पण एकच टन पाठवला असता तर त्याला सहा चौरस मीटर उघडे पडले असते. तेवढीच चांगली पॅकिंग केली असती तरी तो दीड महिन्यात पाणी होऊन गेला असता, आफ्रिकेचं टोक गाठायच्या आधी. म्हणजे ‘आधी थोडा पाठवून बघू, जमलं तर वाढवू’ हा आपला नेहमीचा सावध मार्ग इथे चाललाच नसता. छोटा प्रयोग नक्की फसला असता आणि सगळ्यांनी मान डोलावून म्हटलं असतं, बघा, सांगितलं होतं. काही धंदे असे असतात की लहान प्रमाणात त्यांचा नमुना काढताच येत नाही, आणि हे कळायला ट्युडरला आधीची पंचवीस वर्षं लागली होती.

प्रवास कसा झाला? शिडाच्या जहाजाचा रस्ता नकाशावर रेघ मारून ठरत नाही, वारा ठरवतो. बॉस्टनहून निघालेलं जहाज अटलांटिकमध्ये आग्नेयेकडे उतरायचं, व्यापारी वारे पकडून विषुववृत्ताशी जवळपास ब्राझीलच्या बाजूला जायचं, मग दक्षिणेत खाली पश्चिमेकडून येणारे जोराचे वारे गाठून पूर्वेला वळायचं, केप ऑफ गुड होपच्या खालून हिंदी महासागरात, आणि तिथून वर. मे महिन्यात निघण्याला कारण होतं. बंगालच्या उपसागरात वर चढायचं तर नैऋत्य मोसमी वारा पाठीशी हवा, तो साधारण सप्टेंबरपर्यंत असतो, त्यानंतर वारा उलटा फिरतो आणि जहाजं आठवडेच्या आठवडे तिष्ठत बसतात. दुसऱ्या कुठल्या मालाला आठवडे लांबले तर व्याज लागतं, इथे मालच लागला असता. बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत कापलेला, तोवर बॉस्टनच्या कोठारात झाकून ठेवलेला.

याच रस्त्याचा एक फायदा सहसा कोणी बोलत नाही. जून-जुलैमध्ये दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. जहाज जेव्हा आफ्रिकेच्या खालच्या बाजूला होतं तेव्हा तिथलं पाणी आणि हवा दोन्ही चांगलीच गार. म्हणजे चार महिने उन्हात भाजत गेलं हे चित्र अर्धच खरं आहे, कडक उष्ण पट्टे दोन, एक अटलांटिकमध्ये आणि एक हिंदी महासागरापासून पुढे, मध्ये चांगली मोठी विश्रांती. हेच जहाज नोव्हेंबरला निघतं तर तिकडे उन्हाळा मिळाला असता आणि शेवटी उलटा वारा. तारीख निवडण्यात अर्धी लढाई होती.

कॅप्टन लिटलफिल्डला ट्युडरने लिहून दिलं होतं की १२ अंश उत्तर अक्षांशाच्या खाली गेलात की याआधी बर्फ कधीच गेला नव्हता इतक्या दक्षिणेला तुम्ही तो नेलेला असेल, आणि तिथपासून तुमचं जहाज हे शोधमोहिमेवरचं जहाज समजा. वाक्य भारी आहे, पण त्यामागचा हेतू मला व्यवहारी वाटतो. कॅप्टनला माल आवडत नसला, भीती वाटत असली, तर तो वाटेत कुठेतरी फळ्या उघडून बघणार, नाहीतर वादळात पहिला माल तोच फेकणार. त्याला मान देऊन बांधून घेतलं.

सप्टेंबरात जहाज हुगळीच्या मुखाशी आलं, आणि इथे खरा जिवाला घोर. नदीच्या मुखापासून कलकत्ता सव्वाशे किलोमीटरच्या वर आत आहे. वाळूचे बांध सारखे जागा बदलतात, नदीची वाट माहीत असलेला पायलट घेतल्याशिवाय आत जाता येत नाही, भरती-ओहोटीची वाट बघत टप्प्याटप्प्याने सरकायचं. खुल्या समुद्रात निदान वारा असतो, इथे सप्टेंबरची कुंद दमट हवा, कोमट नदी आणि हळू चाल. अख्ख्या प्रवासात गेलेल्या मालापैकी चांगला मोठा वाटा या शेवटच्या टप्प्याने आणि माल उतरवण्याने खाल्ला.

कलकत्त्यातला प्रसंग म्हणजे या प्रकरणाचा खरा मध्य. जहाज धक्क्याला लागलं, आता कस्टमचा नियम असा की माल दिवसा उतरवायचा, जकात भरायची, तपासणी व्हायची. बर्फाला दिवसा उन्हात घाटावर तपासणीसाठी ठेवलं तर संपलंच. इंग्रजी वर्तमानपत्रांनी ओरड सुरू केली, आणि कंपनी सरकारने बर्फाची जकात माफ केली आणि रात्री माल उतरवायची परवानगी दिली. एरवी हेच कंपनी सरकार मिठाच्या चिमटीवर कर घ्यायचं. पण इथे साहेबाच्या ग्लासाचा प्रश्न होता, मग कागद एका दिवसात हलतो, हे आपल्याकडे तेव्हापासूनचं आहे म्हणायचं. गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंकने रॉजर्सला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा कप दिला, त्यावर या धाडसाचं कौतुक कोरून. मग गोऱ्या रहिवाशांनी वर्गणी काढून पक्कं बर्फघर बांधायला पैसे उभे केले. म्हणजे मार्टिनिकला जे नव्हतं म्हणून ट्युडर बुडाला त्याचा खर्च कलकत्त्यात गिऱ्हाइकांनीच उचलला!

लोक जमले असणार, किस्सेही बरेच सांगतात. हा अमेरिकेत झाडाला लागतो का असं कोणी विचारलं, कोणी घरी नेऊन उन्हात ठेवला आणि गेला म्हणून पैसे परत मागायला आला. हे किस्से गोऱ्यांनी लिहिलेले, आणि ‘अडाणी नेटिव्ह’ हा त्यांचा आवडता विषय, तेव्हा मी ते जरा संशयानेच घेतो.

कारण भारतात बर्फ माहीतच नव्हता हे साफ खोटं आहे. अकबराच्या काळात हिमालयातून लाहोरला बर्फ यायचा, बोटीने, डाकेने, हमालांच्या पाठीवर. सोरा पाण्यात विरघळवून त्यात सुरई फिरवली की आतलं पाणी थंड होतं, हे तंत्रही मुघलांच्या स्वयंपाकघरात नेहमीचं, आणि त्यासाठी आबदार नावाचा स्वतंत्र नोकर असायचा जो पुढे साहेबांच्या घरीही आला. आणि कलकत्त्याच्या जवळच चिनसुरा भागात डिसेंबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र रात्री उघड्या शेतात पेंढा पसरून त्यावर हजारो उथळ मातीच्या परळ्यांत पाणी ठेवायचे, पहाटे त्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असायचा, हवा गोठणबिंदूच्या वर असली तरी. पेंढ्यामुळे जमिनीची उष्णता तुटते, मातीतून पाणी झिरपून उडतं आणि उघड्या आकाशाकडे उष्णता निघून जाते. हे शिकायला कोणाला बॉस्टनला जावं लागलं नव्हतं. फक्त हा बर्फ चुऱ्यासारखा, मळकट, पेयात घालण्याऐवजी बाटलीभोवती ठेवायच्या लायकीचा, थोडा आणि महाग. ट्युडरचा बर्फ स्वच्छ, आरपार दिसणारा, लादीच्या लादी, पाउंडाला तीन पेन्स. म्हणजे ‘टस्कनी’ने कलकत्त्यात नवी गरज निर्माण केली नाही, असलेल्या मार्केटमध्ये चांगला आणि स्वस्त माल आणला. नवीन वस्तू विकणं आणि जुनी वस्तू स्वस्तात विकणं यात फार फरक असतो, मार्टिनिकला पहिलं होतं, कलकत्त्याला दुसरं. चिनसुऱ्याच्या त्या बर्फवाल्यांचं पुढे व्हायचं तेच झालं.

पैसा किती झाला? १०० टन म्हणजे २ लाख २४ हजार पाउंड वजन, तीन पेन्सने गुणलं (तेव्हा २४० पेन्स म्हणजे एक पाउंड) तर २८०० ब्रिटिश पाउंड येतात, तेही एकही तुकडा साठवणीत वितळला नाही असं धरलं तर, जे शक्यच नाही. त्यातून भरणी, भाडं, हमाली, तिघांची वाटणी. म्हणजे पहिल्या फेरीने कोणी कुबेर झालं नाही. पण पुढच्या वीसेक वर्षांत कलकत्त्याच्या धंद्याने ट्युडरला सुमारे २ लाख २० हजार डॉलर नफा दिला असं सांगितलं जातं. आणि ते त्याला हवेही होते, कारण याच सुमारास भाईसाहेब कॉफीच्या सट्ट्यात उतरले आणि दोन लाखांच्या वर डॉलरचं कर्ज करून बसले. समुद्र, ऊन, कस्टम सगळ्यांना पुरून उरलेला माणूस बाजारभावाच्या अंदाजात गेला. पुढची चौदा-पंधरा वर्षं बर्फ विकून ते देणं फेडलं. हे जिद्दीच्या भाषणांत मात्र कधी येत नाही.

आपल्या मुंबईला हा बर्फ लगेच दुसऱ्या वर्षी आला. १८३४ मध्ये ४० टनांच्या आसपास माल उतरला, आणि आयातीचं काम हातात घेतलं जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने. जहाजं बांधणारं हेच ते वाडिया घराणं, त्यामुळे धक्का, गोदाम, माणसं सगळं हाताशी. भाव पाउंडाला चार आणे, म्हणजे कलकत्त्याच्या दुप्पट, जो सामान्य माणसाने ऐकून पुढे चालू लागावं असाच. जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी यजमान आणि पाहुणे सगळे सर्दीने बेजार, त्यावर ‘मुंबई समाचार’ने बरी खोड मोडली अशा सुरात लिहिलं, असा किस्सा मुंबईचा इतिहास लिहिणारे आवडीने सांगतात. १८४३ मध्ये इथेही वर्गणीतून पक्कं बर्फघर झालं, फोर्टात डॉकयार्डजवळ, आज जिथे के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे त्या ठिकाणी. मद्रासचं १८४२ चं मात्र अजून उभं आहे, त्यात पुढे विवेकानंद राहिले म्हणून ते टिकलं, आता त्यांच्या नावाने ओळखतात.

एकदा सवय लागली की दुसरी बाजू दिसायला लागते. जहाज उशिरा आलं की बर्फाचा दुष्काळ पडायचा, शब्दशः तसंच म्हणायचे. मग शिल्लक माल रेशनवर, आजाऱ्याला डॉक्टरची चिठ्ठी असेल तरच. सोळा हजार मैलांवरच्या तळ्यावर यंदा थंडी कमी पडली की मुंबईत तापाच्या पेशंटच्या डोक्यावर ठेवायला बर्फ नाही. आणि पुरवठादार व्यवहारात एकच, ट्युडर. जकातमाफी, लोकांनी बांधून दिलेलं बर्फघर आणि त्यावर मक्तेदारी, असं तिहेरी संरक्षण मिळालेला दुसरा परदेशी धंदा त्या काळात शोधावा लागेल. कौतुकाचा कप दिला तेव्हा हे कोणाच्या लक्षात आलं नसावं.

बर्फासोबत पुढच्या फेऱ्यांत न्यू इंग्लंडची सफरचंदं आणि लोणीही यायला लागलं, थंड पोट मिळालंच आहे तर भरा. १८५६ मध्ये एकट्या बॉस्टनमधून ३६३ खेपा, ५३ ठिकाणी, १ लाख ४६ हजार टन बर्फ गेला. आणि परतीचा माल तोच, नीळ, कातडी, जवस, पुढे तागही. बर्फामुळे जाताना भाडं सुटायला लागलं म्हणून कलकत्त्याच्या मार्गावरची बॉस्टनची जहाजं टिकून राहिली असं काही अभ्यासक म्हणतात, आणि मला ते पटतं. इतर देशांचे जहाजवाले ज्या वजनासाठी दगड उचलत होते त्याच वजनाचे यांना पैसे मिळत होते.

ट्युडर १८६४ मध्ये गेला, चांगला श्रीमंत होऊन. धंदा त्यानंतर फार नाही टिकला. १८७४ मध्ये मद्रासला इंटरनॅशनल आइस कंपनी आणि १८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगाल आइस कंपनी मशीनने बर्फ बनवायला लागल्या, दुष्काळ नाही, जहाजाची वाट नाही, भाव खाली. तिकडे बॉस्टनच्या तळ्यांभोवती वस्ती आणि रेल्वे वाढून पाणी खराब व्हायला लागलं होतंच. आणि मशीनच्या बर्फाला भुसा मात्र तोच लागला, फक्त आता तो मेनहून न येता इथल्याच वखारीतून यायला लागला.